पाच नंबर कुणाचा?

परळी वैजनाथ,
रविवार

प्रिय अनिलराव यांस,

तुमच्या दाजींचा मनापासून जयभीम. तुम्ही, ज्योत्स्नाबाई आणि लेकरं सुखरूप असाल, ज्योत्स्नाबाईंची कंबर आता रिक्षात बसण्याइतपत सुधारली असेल आणि तुमच्या कॉलेजात यंदा कॉम्प्युटरच्या वर्गाला पोरं बऱ्यापैकी आली असतील, असं धरून लिहायला बसलोय. माझी तब्येत उत्तम आहे. (शुगर होती तेवढीच आहे. गुडघा आधी डावा दुखायचा, आता उजवा दुखतो, म्हणजे हिशेब बरोबरच राहिला.) पाकीट बघून दचकला असाल. आजकाल घरी टपाल आलं की माणूस आधी नोटीसबिटीस नाही ना हे बघतो. पण हे सगळं फोनवर सांगून होण्यासारखं नाही. तुम्हाला फोन केला की तुम्ही 'हां दाजी, बोला दाजी' म्हणता आणि मागून पोरं 'सर, सर' करत असतात. हैदराबादला करावा तर तिथं फोन कायम स्पीकरवर, एकीकडं कुकर, एकीकडं नातवाचं रडणं, आणि जावईबापू शेजारी बसून ऐकतायत हे माहीत असल्यावर माणूस 'जेवलात का'च्या पुढं सरकत नाही. म्हणून पत्र. विषय निव्वळ तांत्रिक आहे. घरच्या नेटचा आहे. त्यात दुसरं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, तुमची अक्का लेकीच्या, आम्रपालीच्या बाळंतपणाला म्हणून हैदराबादला गेली. जाताना चारच साड्या नेल्या होत्या, त्यावरून मी आपला अंदाज बांधला होता. आता नातू चालायला लागला, परवा म्हणे तेलुगूत पाणी मागितलं त्यानं, आणि आम्रपालीची नोकरी अशी की लेकराला परक्याच्या हाती सोडायचा जीव होत नाही. सगळं बरोबर आहे. मी काही म्हणत नाही. मीही मध्ये आठवडाभर जाऊन आलो. घर झकास आहे, बाराव्या मजल्यावर आहे, वारा येतो. फक्त तिथं लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. मी एकदा एका गृहस्थांना 'कोणत्या गावचे?' म्हणून विचारलं तर ते मधल्याच मजल्यावर उतरून गेले. मग मी परत आलो. इथं निदान रस्त्यानं जाणारा ओळखीचा असतो, आणि नसला तरी उभा राहतो.

तर निघताना तुमच्या अक्कानं एकच अट घातली, की अंगणात कॅमेरा बसवायचा. म्हणजे मी उठलो का, जेवलो का, अंगण झाडलं का, हे तिला तिकडून दिसेल. (अंगण झाडलं का, हे मुख्य.) तुम्हीच नांदेडहून येऊन सगळं जोडून दिलंत. सुग्रीवच्या दुकानातून कॅमेरा आणला, कढीपत्त्याच्या झाडासमोर भिंतीला ठोकला, आणि मला चहा पिता पिता समजावलंत की दाजी, हा राऊटर म्हणजे घरातल्या वस्तूंना नंबर वाटणारा. फोन आला, घे नंबर. टीव्ही लागला, घे नंबर. नंबर कायमचा नसतो, मुदतीपुरता असतो, मुदत संपली की बदलू शकतो. पण कॅमेऱ्याचा नंबर बदलून चालणार नाही, कारण हैदराबादहून बघायला आलेल्या माणसाला राऊटर डोळे झाकून पाच नंबरकडं पाठवणार. म्हणून कॅमेऱ्याला पाच नंबर पक्का करून टाकला, आता चिंता नाही. तुम्ही गेलात. मी चिंता केली नाही.

आता खरं सांगायचं तर कॅमेरा लागल्यापासून माझं राहणीमान सुधारलं. आधी बनियनवर फिरायचो, आता सकाळी इस्त्रीचा शर्ट. उठल्याबरोबर कॅमेऱ्याच्या काचेवरची राख जुन्या बनियननं पुसायची (थर्मल वीजकेंद्राची राख, एक दिवस सोडली तर बाराव्या मजल्यावरच्या माणसाला वाटायचं परळीत धुकं पडलंय), मग अंगण झाडायचं, तेही कॅमेऱ्याकडं तोंड करून. संध्याकाळी जेवायच्या वेळी ताट घेऊन समोर उभं राहायचं, ताट जरा वाकडं करून दाखवायचं. भाकरी, भाजी, कांदा. मग खुर्ची ओढून थोडं बोलायचं. तुम्ही म्हणाला होतात की त्या कॅमेऱ्यात आवाज जात नाही, स्वस्तातला आहे. मला ते पाठ आहे. पण समोर बघून मुकं बसणं बरं दिसत नाही. आज भेंडी आणली, दोन निबर निघाल्या. विहारात नवीन सतरंजी आली. डाव्या नळाला पाणी नाही. असलंच. आणि उठताना हात जोडायचे, कारण जावईबापू बघत असले तर सासरा तसाच उठून गेला असं वाटायला नको.

दिवाळीनंतर घोळ सुरू झाला. एक दिवस आपल्याच फोनवर कॅमेरा बघावा म्हणून उघडलं, तर काळं. राऊटर बंद करून चालू केला, आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळं. फोनमध्ये नंबर कसे बघायचे हे तुम्ही शिकवलं होतं, तसं बघितलं तर कॅमेरा पाचवर नव्हताच, भलतीकडंच जाऊन बसला होता. परवा एका नंबरवर, काल दुसऱ्यावर, आज परत पाचवर, जसा काही मुक्कामालाच हिंडतोय. तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, 'असं होऊच शकत नाही दाजी, मी पक्का केलाय.' अनिलराव, मी थर्मलमध्ये कोळशाच्या पट्ट्यावर उभी नोकरी काढलेला माणूस आहे. 'असं होऊच शकत नाही' हे शब्द साहेब म्हणाला की आम्ही दोन पावलं मागं सरकायचो.

सुग्रीवला बोलावलं. तो आला, राऊटरच्या डब्याकडं बघितलं, डबा बंद केला, चालू केला, चहा प्याला, गेला. पुन्हा बिघडलं, पुन्हा आला, डबा बंद केला, चालू केला, या वेळी पोहे खाल्ले. त्याच्या मते कधी राखेमुळं, कधी लाइटीमुळं, कधी आमच्या भिंती जाड आहेत म्हणून. (कॅमेरा वायरीवर आहे. वायरीला भिंतीचं काय?) मला सुग्रीवचा राग आला नाही. डबा बिघडला की घरात कुणीतरी यायचं, दोन गोष्टी व्हायच्या. काही दिवस तर डबा नीट चालला की मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

आता इथं शेजाऱ्याचं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून राधाकिशनचं घर आहे हे तुम्ही जाणता. तो आणि मी एकाच दिवशी थर्मलला लागलो, एकाच स्कूटरवर शिफ्टला जायचो, घरंही बरोबरच बांधली. पुढं तो सुपरवायझर झाला, मी पट्ट्यावरच राहिलो, त्याचंही मला काही नव्हतं. पण माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात हा माइकवर उभा राहिला आणि म्हणाला, 'शहादेव झोपेत पण काम करायचा, म्हंजे कामात पण झोपायचा.' अख्खा हॉल हसला. साहेब हसले. तुमची अक्का पदर तोंडाला लावून हसली. (मी कधीही झोपलो नाही. राख डोळ्यांत जायची म्हणून डोळे मिटायचो.) त्या दिवसापासून मी राधाकिशनशी बोललो नाही, आणि तोही असा गडी की 'चुकलं' म्हणणार नाही. बायकांचं मात्र चालूच होतं. त्याची छबुबाई भिंतीवरून वाटी देणार, इकडून वाटी जाणार. तुमची अक्का गेल्यावर जायची वाटी बंद झाली, यायची चालू राहिली. आणि त्यात एक चमत्कार होता. मला ताप आला, मी शाल पांघरून अंगणात बसलो, तर थोड्या वेळात भिंतीवर मुगाची खिचडी. एकदा भाकरी जळून काळी झाली, मी ती ताटात तशीच घेऊन बाहेर आलो, तर भिंतीवर दोन ताज्या भाकरी. मला वाटायचं, बाईचं नाक तिखट आहे.

मागच्या आठवड्यात कॅमेरा सलग काही दिवस गायब राहिला. माझ्या जिवाला घोर. तिकडं तुमची अक्का काळ्या पडद्याकडं बघत बसली असेल, आम्रपाली रजा टाकून निघाली असेल, आणि एकदा ती आली की 'बाबा, तुम्हाला एकट्याला जमत नाही, घराला कुलूप लावा' म्हणणार, हे ठरलेलं. तिनं दिवाळीतच तसं सांगून ठेवलं होतं. म्हणून मीच आधी फोन केला. म्हटलं, 'बाई, घाबरू नको, मी धडधाकट आहे, कॅमेऱ्याचा नंबर तेवढा हलतोय.' तर पलीकडून आम्रपाली म्हणाली, 'कोणता कॅमेरा बाबा?' मग तिलाच आठवलं. म्हणाली, 'अगं बाई, ते ॲप जुन्या फोनमध्ये होतं. दसऱ्याला नवीन फोन घेतला, त्यात टाकायचं राहूनच गेलं बघा. आईचा फोन तर बाळाकडंच असतो.' स्पीकरवर होतं. मागून तुमची अक्का म्हणाली, 'काय म्हणतेत गं?' आम्रपाली म्हणाली, 'काही नाही, बाबा ठीक आहेत.' मी म्हटलं, हो, ठीक आहे.

फोन ठेवला आणि आधी मला हसू आलं. दसऱ्यापासून म्हणजे बघा. किती शर्टांना इस्त्री झाली. किती भाज्या मी त्या भिंतीला दाखवल्या, किती वेळा हात जोडले. मग हसू थांबलं. संध्याकाळी ताट घेतलं आणि पाय सवयीनं अंगणाकडं वळले, तसे त्यांना परत फिरवून चुलीपाशीच बसलो. भाजीत मीठ नव्हतं. कुणाला सांगायचं? तसंच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं की कॅमेरा काढायचा. कुणी बघत नाही तर उगीच वीज कशाला जाळायची. सकाळी डबा बंद-चालू केलेला असल्यामुळं नेमका कॅमेरा त्या दिवशी शहाण्यासारखा पाच नंबरवर बसला होता, पण मी म्हटलं, आता माया नाही. तुम्ही राऊटर टीव्हीच्या वर फळीवर ठेवलाय, त्याच्या पाठीमागं वायरींचं जाळं. त्यातली कॅमेऱ्याची कोणती हे मला लक्षात नव्हतं. एक पिवळी दिसली, राखेनं काळवंडलेली, तीच असणार म्हणून चिमटा दाबला आणि ओढली. वायर हातात आली. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून छबुबाईचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"अवो, पळा की! शहादेव भाऊजी गेले!"

अनिलराव, आपल्या मरणाची बातमी आपल्याच कानांनी ऐकणं फार कमी लोकांच्या वाट्याला येतं. मी वायर हातात धरून उभा. एकदा छातीवर हात ठेवून बघितलं. पलीकडं काहीतरी पत्र्याचं पडलं, बादली असावी. मग फाटक वाजलं, आमचं फाटक, आणि अनवाणी पायांचा धपधप आवाज अंगणातून आत आला. दारात राधाकिशन. अंगात गंजी, खांद्यावर टॉवेल, अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण आणि अर्धं तोंड कोरं. इतक्या वर्षांत त्यानं हा उंबरा ओलांडला नव्हता. तो दम खात उभा राहिला. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, साबण गेला असेल तर माहीत नाही.

"का बे," तो म्हणाला, "हायेस का तू?"

"हाय की," मी म्हटलं. "न्हाई तर कुठं जातो?"

"मग छबू म्हनली ती गेला म्हनून!"

तेवढ्यात छबुबाई मागून आली, हाताला पीठ. मला उभा बघून तिनंच कपाळाला हात लावला. म्हणाली, "अवो, गेले म्हंजे टीव्हीवरून गेले म्हनलं मी! तुमचं अंगण दिसत हुतं, ते एकदम गेलं. ह्यांना अर्धंच ऐकू येतंय आन् पळायची घाई."

मी म्हटलं, माझं अंगण तुमच्या टीव्हीवर कसं?

मग तिघं खाली बसलो आणि एकेक करून उलगडत गेलं. राधाकिशनच्या पोरानं दिवाळीला येऊन त्यांच्याही फाटकावर कॅमेरा लावून दिला, त्याच सुग्रीवकडून, तोच माल. सुग्रीव सगळ्यांना एकच पासवर्ड टाकतो आणि टीव्हीच्या डब्याला पाच नंबरवर लावून देतो, त्याला तेवढंच येतं. राधाकिशन आपलं फाटक बघायला टीव्ही लावायचा, तर एखादा दिवस फाटक दिसायचं आणि एखादा दिवस माझं अंगण. आधी म्हणे तो बंद करून टाकायचा. परक्याच्या घरात डोकावणं बरं नव्हं. पण एका संध्याकाळी बंद करायला हात केला तर मी ताट घेऊन समोर उभा.

"ताट वाकडं करून दावाय लागलास तू," तो म्हणाला. "म्या म्हनलं, हे मला जेवाया बोलावतंय. मग बसून लई येळ बोललास. आवाज काय येत न्हवता, पण तोंडावरून कळत हुतं की मनातलं बोलतोयस. आन् जाताना हात जोडलेस. म्या म्हनलं छबूला, बघ, शहादेव माफी मागतोय."

मी हातातली वायर खाली ठेवली.

"मग रोजच मागाय लागलास. म्या पन टीव्हीसमोर जयभीम घालायचो, तू हात जोडलेस की. इचार छबूला."

छबुबाईनं मान हलवली. म्हणाली, "खरंच घालायचे. म्या म्हनायची, टीव्हीला काय जयभीम घालता, उठून जावा की दोन पावलं."

"मग आला का न्हाईस?" मी विचारलं.

"येनारच हुतो की," राधाकिशन म्हणाला. "म्हनलं, आजून जरा मागू दे."

अनिलराव, आता तुम्हीच सांगा. मला त्या वेळी काय करता आलं असतं? मी ह्या माणसाची माफी स्वप्नातही मागितली नसती. भाषण त्यानं केलं होतं, मी नाही. खरं सांगायला तोंड उघडलंही होतं, की बाबा रे, ते ताट माझ्या बायकोसाठी होतं आणि हात जावयासाठी जोडले होते. पण त्याच्या गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता, पायाला अंगणातला खडा लागून रक्त आलं होतं, आणि तो गडी माझ्याकडं असा बघत होता की जसं काही त्यानंच मला मोठ्या मनानं सोडलं. मी म्हटलं, "तुला समजलं ते बरं झालं." बस. एवढंच म्हटलं. आणि चहा टाकला. साखर कुठं ठेवलीय हे त्याला अजून माहीत होतं. आमच्या पट्ट्यावरच्या जुन्या लोकांच्या गोष्टी निघाल्या, कोण राहिलं, कोण पोराकडं गेलं. दुपार झाली तरी उठला नाही. अर्धी दाढी तशीच.

पिवळ्या वायरीचं कोडं मात्र छबुबाईनं सोडवलं. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या नातीची, बबिताची, शाळा जुन्या कॉम्प्युटरवर भरायची आणि ह्यांच्याकडं नेट नव्हतं. तेव्हा आमच्या राऊटरमधून भिंतीच्या भोकातून ती वायर तुमच्या अक्कानं आणि छबुबाईनं मिळून पलीकडं नेली. आम्ही दोघं बोलत नाही म्हणून दोघांनाही सांगायचं नाही, असं ठरलं. बबिता पास होऊन पुढं गेली, पोरानं दिवाळीला स्वतःचं नेट आणि स्वतःचा राऊटर घेतला, आणि जी वायर दिसेल ती त्यात खोचून दिली, ही पिवळीसुद्धा. म्हणजे एकाच वायरीवर दोन डबे नंबर वाटायला बसले, एक माझा, एक त्याचा. कॅमेऱ्यानं नंबर मागितला की जो आधी बोलेल त्याचा घ्यायचा. तुम्ही पक्का केलेला पाच नंबर माझ्या डब्याला माहीत होता. त्याच्या डब्याला कुणी सांगितलं होतं? माझा कॅमेरा पाचवर बसला की राधाकिशनच्या टीव्हीवर माझं अंगण, हलला की त्याचं फाटक. (तुम्ही फोनवर म्हणालात ते चुकीचं नव्हतं. फक्त तुम्हाला एकच डबा माहीत होता.) तुमच्या अक्काला मी ह्यावर काही बोललो नाही. स्पीकरवर काय बोलणार? पण माझ्या नाकाखालून वायर नेली आणि मला पत्ता लागू दिला नाही, याचा मला राग यायला पाहिजे होता. तो काही आला नाही.

सुग्रीवला सगळं दाखवलं. तो जरा ओशाळला, मग म्हणाला, "मग काय, ती वायर काढून फेका. प्रश्नच मिटला." मी राधाकिशनकडं बघितलं. राधाकिशन कढीपत्त्याच्या झाडाकडं बघत होता. मी म्हटलं, तू म्हणशील तसं. तो म्हणाला, घर तुझं हाय, तूच बघ. सुग्रीवला घाई होती. त्यानं वायर गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि गेला.

तेव्हापासून नेट घड्याळासारखं चालतंय. कॅमेरा पाच नंबरवरून हललेला नाही. आम्रपालीनं नव्या फोनमध्ये ॲप टाकलं, एकदा उघडून बघितलं, म्हणाली, 'बाबा, अंगण छान दिसतंय.' राधाकिशन पहिले दोन-तीन दिवस येऊन बसला, आता फाटकापाशी भेटतो. काल म्हणाला, 'टीव्ही लावला की रोज आपलंच फाटक. फाटकात काय बघायचं बे?' आणि तसाच उभा राहिला. मीही उभा राहिलो. मग तो म्हणाला, जातो. मी म्हटलं, बरं. इतक्या वर्षांनी बोलायला लागलेली माणसं, रोज जायला काही निमित्त तर पाहिजे. आता ते राहिलं नाही.

तर असं आहे. बिघाड सापडला, दूर झाला, तुम्हाला तसदी नको. तुम्ही कामाची माणसं, एवढ्यासाठी नांदेडहून येऊ नका. मी मजेत आहे, दिवस कसा जातो कळत नाही, एकटेपणा वगैरे मला लागत नाही, तो स्वभावच नाही माझा. ज्योत्स्नाबाईंना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
शहादेव

ता. क. – पत्र बंद करता करता सुचलं. तुम्ही पॉलिटेक्निकात शिकवता, तुमच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा एका कागदावर सही करून असं लिहून पाठवता येईल का, की तांत्रिकदृष्ट्या ती पिवळी वायर काढणं योग्य नाही, ती परत जोडावी, फक्त दोनांपैकी एका डब्याला नंबर वाटू नको म्हणून गप्प करावं? असं करता येतं हे तुम्हीच मागं बोलला होतात. गप्प माझा डबा केला तरी चालेल. नंबर त्याच्याच डब्याला वाटू द्या, तो सुपरवायझर होता. कॅमेऱ्याचा पाच नंबर तेवढा त्याच्या डब्यात पक्का करायचा आणि त्याच्या फाटकाला दुसरा कुठलाही द्यायचा. त्याचा टीव्ही मात्र पाचवरच राहू द्या. पण हे मी सुचवलं असं कागदात कुठं येऊ देऊ नका. मी तो कागद राधाकिशनला दाखवणार आहे, आणि माझी खात्री आहे की तो 'साहेब लोक म्हनतेत तर राहू दे बे' असं म्हणेल. जरा इंग्रजी शब्द जास्त घाला.

आणखी एक ता. क. – आम्रपालीनं विषय काढलाच तर तिला सांगा की दाजींनीसुद्धा दसऱ्यापासून कॅमेरा बंदच ठेवला होता, वीज वाचवायला. मी तिला मागून तसंच सांगितलंय, नंबर बघायला तेवढा एकदा लावला होता म्हणून. तिच्या मनाला लागायला नको. पोर दिवसभर कामात असते.

शेवटची ता. क. – वर जे एकटेपणाचं लिहिलंय ते तेवढं खोडून वाचा. पेन जरा पुढं गेलं. तुम्ही महिन्याकाठी अक्काला फोन करता, तेव्हा स्पीकर बंद करायला सांगून एकदा विचारा, की तिला परळीला यायचंय का. मी विचारलं तर ती लगेच 'येते' म्हणेल आणि लेकराचे हाल होतील. तुम्ही विचारलं तर खरं सांगेल. काय म्हणाली ते जसंच्या तसं कळवा. नाही म्हणाली असली तरी कळवा.